तीन बादल्या शुद्ध, एक टँकरची

"मुलगी बरी आहे गं. पण नुसतं आरओचं पाणी. इंग्लिश शाळेने सगळं गाळून टाकलंय. रंग नाही, चव नाही. मासा सोडलास तर संध्याकाळपर्यंत उलटा होईल."

मी दाराबाहेर चपला काढत होते. खोली बघून, हो म्हणून, रिक्षातली बॅग आणायला खाली गेले होते. तेवढ्यात काकूंनी माझा निकाल लावून तो फोनवर बहिणीला कळवलाही होता. त्यांनी वळून पाहिलं. दुसरं कोणी असतं तर निदान आवाज खाली आणला असता. काकू मला म्हणाल्या, "ऐकलंस ना? बरं झालं, पुन्हा सांगायला नको. बॅग भिंतीकडून ने. माशांच्या टाकीला धक्का लागला तर आजच्या आज परतीची रिक्षा."

वाघोलीतल्या त्या फ्लॅटमध्ये मी पेइंग गेस्ट म्हणून आले ती खराडीचं ऑफिस जवळ पडतं म्हणून, काही महिन्यांपुरती. राहिले काही वर्षं. त्या काळात काकूंनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी अमरावतीची, म्हणून मी "अमरावती". "अमरावती, दार बघ." "अमरावती, तू बोललीस की फ्रीज वाजला?" मी बारीक आवाजात बोलते हे मला ठाऊक होतं. कॉन्व्हेंटमध्ये माझ्या रिपोर्ट कार्डावर त्याचं कौतुक लिहून यायचं. हे काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वर्ग भरलेला असला की मुकी पोरगी कोणत्याही बाईला आवडते. मलाही आवडायची. तिचं पुढे काय झालं, ते मात्र मी कधी विचारलं नाही."

काकू पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. नवरा लवकर गेला, मुलगा मंदार अमेरिकेत. सोसायटीत सगळे त्यांना "मासेवाल्या काकू" म्हणत, त्यामुळे नव्या भाडेकरूंचा हमखास गैरसमज व्हायचा. एका रविवारी तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ पिशवी घेऊन दारात उभे राहिले. "काकू, पापलेट आहे का?" काकूंनी त्यांना आत बोलावलं, टाकीसमोर उभं केलं आणि विचारलं, "हा लाल देऊ की तो निळा? अख्खा तळणार की तुकडे करू?" गृहस्थ पिशवी पाठीमागे लपवत निघून गेले. पुढे लिफ्टमध्ये भेटले की ते मोबाइलमध्ये डोकं घालत.

ते मासे डिस्कस होते. थाळीसारखे गोल, चपटे, संथ, आणि पाण्याच्या बाबतीत एखाद्या हट्टी सासऱ्यासारखे. काकू नारायण पेठेत राहत होत्या तेव्हा नळाला धरणाचं पाणी यायचं. ते या माशांना मानवायचं. मग मंदारने आईला जिने चढावे लागू नयेत म्हणून लिफ्टवाल्या इमारतीत हा फ्लॅट घेतला. इथे कॉर्पोरेशनची लाइन आली नव्हती, अजूनही पुरती आलेली नाही. टँकर यायचा. पेठेतून आणलेले सगळे मासे त्या जड पाण्यात पहिल्याच महिन्यात मेले. "मुलाने फ्लॅट घेतला, पाणी घ्यायला विसरला," असं काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. व्हिडिओ कॉलवर मंदारलाही सांगत. मंदार हसायचा. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मीही तसंच हसायचे.

पण काकू हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी बाल्कनीच्या भिंतीवर आरओची यंत्रणा बसवून घेतली. खाली दोन निळे ड्रम. एकात आरओमधून आलेलं शुद्ध पाणी, दुसऱ्यात टँकरचं, जसं आलं तसं. टाकीत जायचं ते दोन्हींचं मिश्रण: तीन बादल्या शुद्ध, एक बादली टँकरची. त्यात वाळलेली बदामाची पानं पडायची, म्हणून टाकीतलं पाणी कायम पातळ चहासारखं दिसायचं. पाहुणे म्हणत, "काकू, एवढं आरओ बसवलंय तर घाण पाणी कशाला मिसळता?" मग काकू आपल्या वर्गातल्या आवाजात सांगत. "शुद्ध म्हणजे काय? ज्यात काहीच नाही. ज्याच्याकडे काहीच नाही तो काय करतो? दुसऱ्याचं ओढून घेतो. नुसत्या आरओत मासा सोडलात की ते पाणी त्याच्या अंगातले क्षार ओढतं. बाहेरून चकाचक, आतून रिकामा. मग मरतो." एवढं बोलून त्या माझ्याकडे एक नजर टाकत. पाहुण्यांना कळत नसे, मला कळे.

पाण्यात किती क्षार विरघळलेत ते दाखवणारा पेनासारखा एक टीडीएस मीटर काकूंकडे होता. रोज संध्याकाळी तो आधी टँकरच्या ड्रममध्ये, मग आरओच्या आणि शेवटी टाकीत बुडवायचा, आणि आकडा मोठ्याने वाचायचा. काकूंना बारीक आकडे दिसेनासे झाले तसं ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी टँकरचं पाणी मोजून म्हणाले, "फोर सिक्स्टी नाइन."

"मराठीत."

मी मनात जुळवाजुळव केली. "चारशे... साठ आणि नऊ."

"साठ आणि नऊ असं भाजीवालीला सांग, ती तुला मेथीची जुडी फुकट देईल. दयेने." मग त्यांनी मला एकोणसत्तर शिकवलं, एकोणऐंशी शिकवलं, आणि मी ते स्वयंपाकघरातून ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणेपर्यंत चहा दिला नाही. "मोठ्याने. मासे तुला घाबरत नाहीत, तू कोणाला घाबरतेस?" टँकरचा आकडा रोज बदलायचा. आरओचा आठ-दहाच्या पुढे जायचा नाही. टाकीचा मात्र एकशे अठराच्या आसपास हवा. मी "एकशे अठरा" म्हटलं की काकू "हं" म्हणत. त्यांच्याकडून मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी ती. एकशे तीस म्हटलं तर त्या उठून बसत. आकड्यावरून त्यांना टाकीत काय चाललंय ते न बघता कळायचं.

आरओ जेवढं शुद्ध पाणी देतं, त्याच्या कितीतरी पट टाकाऊ पाणी दुसऱ्या नळीने बाहेर सोडतं, मुळापेक्षाही जड. काकू ते वाया जाऊ देत नसत. त्याने भांडी, त्याने फरशी, आणि त्यानेच आमची अंघोळ. चांगलं पाणी माशांना, उरलेलं माणसांना, असा त्या घराचा नियम होता. माझे केस केरसुणीसारखे झाले. मी एकदा धीर करून तसं म्हणाले. "केस परत येतात," काकू म्हणाल्या. "मासा येत नाही." पण त्यानंतर दर रविवारी न्हाणीघराच्या दाराशी झाकलेली एक बादली दिसायला लागली. आत बदामी रंगाचं मऊ पाणी. मी विचारलं तर म्हणाल्या, "टाकीतून उरलं. ओतायचं जिवावर आलं." टाकीतून पाणी कधी उरत नसे. ते मापून बनायचं आणि मापायचे मीच.

काकूंचा आणखी एक नेम होता, आणि तो बघायला मला पहिल्या वर्षी जमलं नाही. डिस्कसची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊन वाढतात. काकू ते दाखवून म्हणत, "बघ, आईचं अंग खातात. पोट भरलं की फिरकत नाहीत. मला नवीन नाही." पिल्लं थोडी मोठी झाली की काकू चहाची गाळणी घेऊन बसत आणि तांदूळ निवडावेत तशी ती निवडत. कण्यात वाक असलेलं, एका बाजूचा कल्ला उघडा पडलेलं, वाढ खुंटलेलं, असं प्रत्येक पिल्लू गाळणीतून कोपऱ्यातल्या दुसऱ्या टाकीत जायचं. त्या टाकीत रावसाहेब राहत. रावसाहेब म्हणजे काळा, जाड ओठांचा ऑस्कर मासा. पिल्लू पाण्याला टेकायच्या आत नाहीसं होई. "रावसाहेबांचा नाश्ता," काकू म्हणत आणि गाळणी धुऊन ठेवत.

एकदा मी मध्ये पडले. शेपटीपाशी वाकलेलं एक पिल्लू होतं, ते सारखं एकाच बाजूला गोल फिरायचं. मी म्हणाले, "हे राहू दे ना काकू." काकूंनी गाळणी खाली ठेवली. "ठेव. आणि रोज बघ. तोंड फिरवायचं नाही."

मी रोज बघितलं. बाकीची पिल्लं आईच्या अंगाला लागत, हे पोहोचेपर्यंत आई पुढे गेलेली असे. भावंडं त्याला टोचू लागली. आधी एक डोळा गेला. मग ते तळाशी पडून राहू लागलं, कल्ले हलत असत एवढंच. ते मेलं त्या सकाळी मी रडले. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं त्या पाठीवर हात ठेवतील.

"मी एका क्षणात मारते," त्या म्हणाल्या. "तू आठवडाभर मारलंस. आता सांग, दुष्ट कोण?"

आजही मला वाटतं की त्या वाक्याशिवाय त्यांना राहता आलं असतं. पण ऑफिसात माझा मॅनेजर गोड हसून, "बघू हं, पुढच्या वेळी नक्की," म्हणत मला प्रमोशनच्या आशेवर झुलवत होता, तेव्हा मला ते वाकडं पिल्लू आठवलं. मी त्याला विचारलं, होणार आहे की नाही ते आत्ताच सांगा. तो दचकला. नाही, म्हणाला. मी घरी येऊन काकूंना हे सांगितलं. त्यांनी बशीत एक जास्तीचं बिस्किट ठेवलं आणि म्हणाल्या, "चला, आकडा वाढतोय."

पावसाळा संपता संपता काकू बाल्कनीत पडल्या. टाकाऊ पाण्याची नळी बादलीतून निसटली होती, फरशी ओली होती. खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवरून लिफ्टमध्ये जाताना त्यांनी मला मीटर दिला. एरवी तो त्यांच्या गाऊनच्या खिशात असे, माझं मोजून झालं की त्या लगेच परत मागून घेत. "रोज. मोठ्याने," एवढंच म्हणाल्या. मग रोज ऑफिसातून येऊन मी टाकी बघायची आणि तिथून खराडीला हॉस्पिटलमध्ये जाऊन आकडा सांगायची. काकू "हं" म्हणत. ऑपरेशन नीट झालं, पण मग छातीत संसर्ग झाला आणि त्यांचं "हं" दिवसेंदिवस बारीक होत गेलं. नर्स खूप गोड होती. "आजी, उद्या घरी हं," असं रोज म्हणायची. एकदा काकू मास्क बाजूला करून तिला म्हणाल्या, "घरी नाही, वर. निदान मजला तरी बरोबर सांग."

मंदार आला. मी त्याला पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होते. मला तो आवडला. विमानातून उतरून तो थेट आईकडे गेला, तिचे पाय चेपत बसला, मलाही सारखं "थँक यू" म्हणत राहिला. आईने त्याच्याकडे पाहून, "जाडा झालास," म्हटलं, तर त्याचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला गेले असताना त्याला वाटलं, आई परत येईल तेव्हा घर कसं लख्ख हवं.

संध्याकाळी मी दार उघडलं तर हॉलमध्ये वेगळाच उजेड होता. टाकी हवेसारखी पारदर्शक झाली होती. मंदार गुडघ्यापर्यंत पँट दुमडून बाहेरून काच पुसत होता. बदामाची पानं कचऱ्यात होती.

"ये, बघ," तो म्हणाला. "कसं क्रिस्टल क्लिअर झालंय. पाणी अगदी पिवळं पडलं होतं गं, आईला हल्ली जमत नसणार. सगळं काढलं आणि प्युअर आरओ भरलं. तो टँकरचा घाणेरडा ड्रमही ओतून टाकला."

मासे एका कोपऱ्यात गोळा झाले होते. त्यांचे रंग काळवंडले होते. दोन तळाशी आडवे होते आणि सगळ्यांत मोठा निळा नर, ज्याला काकू जेवताना घास दाखवून चिडवत, तो वरच्या काठाशी तोंड उघडून तिरका झाला होता. मी मीटर बुडवला. आठ.

मी न्हाणीघरातल्या नळाचं टँकरचं पाणी थोडं थोडं करून घालायला सुरुवात केली. मंदारने काही न विचारता तांब्या घेतला आणि तोही घालू लागला. सकाळी एकही जिवंत नव्हता. रावसाहेबांची टाकी धुवायला त्याला वेळ मिळाला नव्हता, म्हणून रावसाहेब तेवढे उरले. ते आता माझ्या भाड्याच्या घरी आहेत. बाकीचे सगळे एका काळ्या पिशवीत घालून मंदारने सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात नेऊन टाकले, कारण दुसरं काय करायचं ते आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

वर येऊन तो बाल्कनीत रडला. "स्वच्छ पाण्यात मासे मरतात हे कोणाला माहीत असतं?" तो म्हणाला. त्यात खोटं काही नव्हतं. मग तोंड धुऊन तो माझ्यासमोर बसला. "ऐक ना. आईला सांगायचं नाही. डॉक्टर म्हणालेत, धक्का नको. आणि मी केलं हे कळलं तर... ती मला आयुष्यभर ऐकवेल, ते चालेल. पण आता तिच्याकडे तेवढं आयुष्य नाहीये. मी तिच्याशी भांडणात निरोप घेऊ का? बरी झालीच तर दुकानातून तसेच मासे आणू. तिला कळणार नाही."

मी मान हलवली. काकूंना व्हिडिओ कॉलवर मुलगा ओळखायला क्षणभर लागायचा, मासा ओळखायला नाही, हे मी त्याला सांगितलं नाही. आणि मान हलवली ती होकारार्थी की नकारार्थी, हे त्यालाही कळलं नसावं. माझं बोलणं तोवर तसंच होतं.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं हॉस्पिटलमध्ये गेलो. काकूंच्या नाकातोंडावर मास्क होता, चष्मा बाजूच्या कपाटावर. चेहरा उतरला होता, डोळे तेवढे पूर्वीचे होते. मंदारने खुर्ची ओढली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आई, मासे एकदम मस्त आहेत. तुझी वाट बघतायत." त्याने मोबाइलवर एक जुना फोटो काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. चहाच्या रंगाच्या पाण्यात तो निळा नर सरळ उभा होता.

काकूंनी फोटोकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मोकळ्या हाताने मास्क थोडा उचलला.

"अमरावती. आकडा."

मंदारचा चेहरा सैल झाला. त्याला वाटलं, चला, आकडाच तर विचारतेय, माशांबद्दल नाही विचारत. तो माझ्याकडे वळून प्रेमाने म्हणाला, "सांग ना गं. रोज सांगतेस ना आईला?"

त्या खोलीत आकड्याचा अर्थ कळणारी माणसं दोनच होती. एकशे अठरा म्हणणं किती सोपं होतं. इतक्या वेळा म्हटलेलं, जिभेवर बसलेलं. ते म्हटलं असतं तर काकू "हं" म्हणाल्या असत्या, मग उद्या पुन्हा विचारलं असतं, परवा पुन्हा, आणि मी रोज थोडं थोडं खोटं सांगत राहिले असते. मला तळाशी पडलेलं ते वाकडं पिल्लू दिसलं. नुसते हलणारे कल्ले दिसले. मी मंदारकडे पाहिलं. तो आईचा अंगठा चोळत होता. त्याच्यासमोर त्याच्यावर बोट न दाखवता जेवढं सांगता येईल, तेवढं त्या एका शब्दात मावत होतं.

मी ओठ हलवले. माझं मलाही ऐकू आलं नाही.

"मोठ्याने," काकू म्हणाल्या.

मी पलंगाजवळ गेले आणि दारातल्या नर्सलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आठ."